गुलाल धुतल्यावर आधी कुणाच्या दारात?

वाचकांचे प्रश्न : गाव, भावकी आणि पुढारपण

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात लिहिलं होतं की गावातल्या नात्यांबद्दल, पुढारपणाबद्दल काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा, आणि पत्रं इतकी आली की सगळी घेणं शक्यच नाही, पाच घेतेय. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, मी पाच वर्षं आमच्या गावची सरपंच होते, त्याआधी बरीच वर्षं बचत गटाचं काम केलं आणि आता कुठल्याच पॅनलमध्ये नाही. जे सांगतेय ते पाहिलेलं, सोसलेलं सांगतेय. नावं कुणाचीच छापत नाही, निर्धास्त राहा.

प्रश्न : ताई, ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन दीड वर्ष झालं. मी एका पॅनलमधून, माझा चुलत भाऊ दुसऱ्या. तो निवडून आला, मी 11 मतांनी पडलो. मिरवणूक मुद्दाम आमच्या दारासमोर अर्धा तास थांबवली, डीजे लावला, माझ्या आईच्या अंगावर गुलाल उधळला. तेव्हापासून दोन्ही घरं बोलत नाहीत. विहीर सामाईक आहे, मोटारीच्या पाळीवरून सारखी भांडणं. मागच्या महिन्यात चुलते वारले, मी मयतीला गेलो पण लांब उभा राहिलो, सावडायला गेलो नाही. आई रोज रडते. लोक म्हणतात तू मोठा आहेस, तू आधी बोल. मीच का?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आईच्या अंगावर गुलाल उधळला ते चूकच, आणि "झालं गेलं विसरा" असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते विसरलं जात नाही, ते पोटात राहतं आणि मग विहिरीवर बाहेर पडतं. तुमचं भांडण पाण्याचं नाहीच मुळी. पाणी दीड वर्षापूर्वी पण तेवढंच होतं की.

माझं सांगते. मी निवडून आले त्या दिवशी पोरांनी ट्रॅक्टर सजवला, मला वर बसवलं, आणि मिरवणूक चौकातून वळून पडलेल्या उमेदवाराच्या गल्लीत शिरणार एवढ्यात माझ्या सासूबाई आडव्या आल्या. डोक्यावरचा पदर सावरत ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या गल्लीत आज नाही. आधी घरी चल, गुलाल धू, आणि उद्या सकाळी एकटी जा त्यांच्या दारात." पोरं चिडली, पण म्हातारीपुढे कोण बोलणार. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्या घरच्या वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, चहा विचारला नाही, मालक तर बाहेरच आले नाहीत. दहा मिनिटं ओसरीवर बसले आणि उठून आले. पंधरा दिवसांनी परत गेले, तेव्हाही पाणीच. तिसऱ्या वेळी त्यांच्या म्हशीला विषबाधा झाली होती, रात्री अकराला डॉक्टरांना घेऊन आम्ही गेलो, आणि पहाटे तीन वाजता गोठ्यातच वहिनींनी आम्हाला चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो. पुढची पाच वर्षं ते विरोधातच बसले, ग्रामसभेत मला अवघड प्रश्न विचारायचे, पण आमच्या दोन घरांत एकही लग्न एकमेकांना सोडून झालं नाही.

हे अशासाठी सांगितलं की आधी जायचं काम खरं तर निवडून आलेल्याचं असतं. तुमच्या भावाने ते केलं नाही, आणि हे त्याला कुणीतरी तोंडावर सांगायला पाहिजे होतं. पण दादा, चुलत्यांचं दुःख ही वेगळी गोष्ट आहे. तिथे कोण निवडून आलं नि कोण पडलं याचा संबंधच नाही. सावडायला गेला नाहीत ती चूक तुमच्या बाजूची, आणि ती तुम्हाला टोचतेय म्हणूनच तुम्ही ती पत्रात लिहिलीत. म्हणून भावासाठी नाही, चुलतीसाठी जा. वर्षश्राद्धाची वाट बघत बसू नका, येत्या अमावस्येला किंवा कुठल्याही दिवशी आईला बरोबर घेऊन जा, निवडणुकीचा न पण काढू नका, चुलतीजवळ बसा. माझा अनुभव असा की भावकी पुरुषांच्या बैठकीत तुटते आणि बायकांच्या स्वयंपाकघरात जुळते. तुमची आई नि चुलती, दोघी एकाच घरात सुना म्हणून आल्या असतील, त्या दोघींना तासभर एकत्र बसू द्या.

आता विहिरीचं. ते तोंडी ठेवू नका. आमच्याकडे चार भावांच्या विहिरीवर स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून पुठ्ठा चिकटवलाय, त्यावर वार आणि तास लिहिलेत, खाली चौघांच्या सह्या, आणि लाइट गेली तर तेवढे तास कुणाच्या पाळीत धरायचे तेसुद्धा लिहिलंय. भांडण बहुतेक वेळा त्या लाइट गेलेल्या तासांवरूनच होतं ना. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, त्यामुळे आठवड्याआड पाळी फिरवा म्हणजे रात्रीचं जागरण एकाच्याच माथी येत नाही. मध्यस्थ लागला तर दोन्ही पॅनलच्या बाहेरचा घ्या. तंटामुक्त समिती तुमच्याही गावात असेल. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली तेव्हा बांधाची, पाण्याची, वाटेची कितीतरी भांडणं पारावर बसून मिटली, मी स्वतः पाहिलीत. नंतर बऱ्याच गावांत समितीचा अध्यक्षसुद्धा पॅनल बघून नेमायला लागले आणि तिथेच लोकांचा विश्वास गेला. तुमच्याकडची समिती तशी असेल तर सोडून द्या, गावातले एखादे जुने गुरुजी किंवा दोघांचाही मामा चालेल. फक्त ठरलेलं लिहून घ्या आणि दोघांनी सही करा.

आणि "मीच का" याचं उत्तर. तुम्ही पुढच्या वेळी परत उभे राहणार असाल असं पत्रावरून वाटतंय. पडल्यावर जो माणूस दुसऱ्याच्या मयतीला खांदा द्यायला पुढे असतो त्याला गाव बघत असतं. पण मतांसाठी जाऊ नका हं, ते लगेच कळतं लोकांना.

प्रश्न : आमच्या गावात यंदा निवडणूक बिनविरोध करायची चर्चा आहे. काही जण म्हणतात भांडणं वाचतील, काही म्हणतात ही हुकूमशाही. तुमचं मत?
(एक शिक्षिका, नाशिक जिल्हा)

उत्तर : बिनविरोध कशी झाली त्यावर सगळं आहे बघा. हिवरे बाजारला 1989 साली पोपटराव पवारांना गावातल्या तरुणांनी आग्रह करून उभं केलं आणि ते बिनविरोध सरपंच झाले. पुढे त्या गावाने चराईबंदी केली, झाडं तोडणं बंद केलं, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत असं ठरवलं. असले नियम फुटलेल्या गावात एक दिवस टिकत नाहीत.

आणि दुसरीकडे तुमच्याच जिल्ह्यातलं उमराणे आठवा, नंदुरबारमधलं खोंडामळी आठवा. जानेवारी 2021 मध्ये तिथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूकच रद्द केली. पैसे मंदिराला देणार होते म्हणे. देवळाला दिले म्हणून खुर्ची विकलेली चालते का? ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या पोराने कधी पुढे यायचंच नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि बोली लावणारा पैसे वसूल कुठून करणार हे काय सांगायला पाहिजे.

म्हणून बाई, तुम्ही एवढंच बघा की चर्चा कुठे चाललीय. पाच-सहा जणांच्या शेडवर रात्री बसून ठरत असेल तर ते बिनविरोध नाही, ते बंद दाराआडचं आहे. वस्तीवरच्या लोकांना, बायकांना, मागासवर्गीय वाड्यातल्या माणसांना सगळ्यांदेखत विचारलं असेल आणि कुणाचा अर्ज दमदाटीने मागे घेतला नसेल तर जरूर करा. अर्ज भरणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, एकाने जरी भरला तरी त्याला गावद्रोही म्हणू नका.

प्रश्न : ताई, मी 27 वर्षांची, महिला राखीव जागेवर सरपंच झाले. मिटिंगला मिस्टर आणि दीरच बसतात, मी सह्या करते. ग्रामसेवक पण फोन मिस्टरांनाच करतात. ग्रामसभेला पंधरा-वीस माणसं येतात, बाई एकही नाही. मला काम करायचंय पण घरात भांडण नको. सुरुवात कुठून करू?
(एक सरपंच, बीड जिल्हा)

उत्तर : पोरी, "सरपंच" अशी सही केलीस ना पत्राखाली, मला फार बरं वाटलं.

पहिला प्रश्न मी तुलाच विचारते, तुझं डोंगल, म्हणजे तुझी डिजिटल सही असलेलं ते पेनड्राइव्हसारखं यंत्र, कुणाच्या खिशात आहे? वित्त आयोगाच्या पैशाचं पेमेंट तुझ्या आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीने होतं, आणि ते छोटंसं डोंगल बऱ्याच ठिकाणी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर नवऱ्याच्या शर्टच्या खिशात पडलेलं असतं. उद्या काही घोटाळा निघाला तर विचारणा तुला होणार, मिस्टरांना नाही. घरात नेमकं हेच सांग, भांडणाच्या सुरात नाही, काळजीच्या सुरात, की "माझ्या नावावर गुन्हा आला तर पोरांकडे कोण बघणार, म्हणून हे माझ्याजवळ राहू दे आणि प्रत्येक बिल मला वाचून दाखवा." माझ्या सासरीसुद्धा याच वाक्याने गाडी हलली. ते डोंगल मी मंगळसूत्राच्या डबीत ठेवायचे, तिथे कुणी हात घालत नाही.

1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि 2011 पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या, तेव्हा तू कुणाच्या मेहेरबानीने बसलेली नाहीस. ग्रामसेवकांना एकदा शांतपणे सांग की गावाच्या कामाचा फोन मला करा. तिसऱ्यांदाही मिस्टरांनाच केला तर लेखी दे. मिस्टरांना शत्रू मात्र करू नकोस. ते चारचौघांत बोलू शकतात, तालुक्याला त्यांच्या ओळखी आहेत, त्याचा उपयोग कर, फक्त खुर्चीवर तू बस. शेजारी नाही, खुर्चीवर.

आता ग्रामसभा. वर्षाला किमान चार घ्याव्या लागतात हे तुला माहीत असेल. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. खरी मेख इथेच आहे. पहिली सभा रिकामी जाऊ द्यायची, दुसऱ्या सभेत मूठभर माणसांत सगळं मंजूर करून घ्यायचं, आणि मग रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या गोळा करायच्या. तुझ्याकडे हे चालत असेल तर आधी ते रजिस्टर घरी जाणं बंद कर.

बायका येत नाहीत कारण वेळच चुकीची असते आणि पुरुषांसमोर बोलायची सवय नाही. म्हणूनच ग्रामसभेच्या आधी वेगळी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. ती कागदावर उरकू नकोस, खरोखर घे. दुपारी दोन ते चार, शाळेच्या व्हरांड्यात, अंगणवाडी ताई नि आशाताईंना हाताशी धरून. पहिल्या सभेला मोठा विषय नको, एकच विषय घे, नळाला पाणी किती वाजता सोडायचं. आमच्याकडे पहिल्या सभेला नऊ बायका आल्या होत्या, पाण्याची वेळ पहाटे पाचवरून सात केली तर पुढच्या सभेला साठ आल्या. आपण बोललो आणि नळ आपल्या वेळेला सुटला, हे एकदा दिसलं की कुणाला बोलवावं लागत नाही. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते कशावर जातात ते दुसऱ्या सभेत वाचून दाखव. मग बघ.

एक गोष्ट अजून. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तुला माहीत असेल, "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गोंड आदिवासींचं छोटं गाव. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांच्या सहमतीने होतात. एखाद्याला पटलं नाही तर विषय पुढच्या सभेवर जातो, परत बोलतात, परत बोलतात. वेळ लागतो खूप. पण त्याच गावाला 2009 साली जवळपास 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. आपल्याकडे हात वर करून दोन मिनिटांत ठराव होतो आणि पुढची पाच वर्षं निम्मं गाव त्याच्या विरोधात. तुला सगळं तसं जमणार नाही, मला पण जमलं नाही, पण पाणी, रस्ता, गायरान असले सगळ्यांचे विषय असतील तेव्हा बहुमत असूनही एक सभा थांबायला शीक.

प्रश्न : मुलाने दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून समाजाच्या लोकांनी आमच्याशी बोलणं बंद केलंय. लग्नकार्याला बोलवत नाहीत, कीर्तनाला गेलो तर उठून जातात. गिरणीवाला म्हणतो दळण नको आणू, मला त्रास होईल. म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?
(पत्त्याशिवाय आलेलं पत्र)

उत्तर : काका, तुम्ही पत्ता लिहिला नाही म्हणून इथूनच सांगते. हा गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराच्या विरोधात महाराष्ट्राने 2016 साली वेगळा कायदा केला, देशातला असा पहिलाच, आणि जुलै 2017 पासून तो लागू आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वाळीत टाकणाराच नाही, तशी बैठक बोलावणारा आणि तिथे त्या बाजूने मत देणारा पण यात येतो.

एका वहीत तारीख-वार लिहून ठेवा, कोण काय म्हणालं, कुणासमोर. मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घेतला नाही तर सरळ पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. गावातच आपसात मिटवा असं कुणी म्हणालं तर एकटे बैठकीला जाऊ नका. अशा बैठकीत दंड भरायला लावतात, पाया पडायला लावतात, तसलं काही करू नका काका. तुम्ही कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांना हात जोडून सांगते. तुमच्या गावात असं एखादं घर असेल तर पहिला जाणारा माणूस तुम्ही व्हा. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडायची, कुंकू पुसायची प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि दोन आठवड्यांच्या आत शासनाने बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायचं आवाहन केलं. एका गावाच्या ग्रामसभेला एवढं बळ असतं, तर एका घराशी बोलायला सुरुवात करायचं बळ गावाला नाही असं मला कुणी सांगू नये.

प्रश्न : आम्ही गावातली 40 पोरं पुण्याला नोकरीला आहोत. व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणी काढली, गावात अभ्यासिका बांधायचीय. पण ग्रामपंचायत जागा देत नाही, सरपंचांना वाटतं आम्ही पुढच्या निवडणुकीची तयारी करतोय. गावातली पोरं पण म्हणतात, "तुम्ही वर्षातून दोनदा येणार." आम्ही चांगलंच करतोय ना?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : चांगलंच करताय, पण विचारलं कधी? आधी पैसे जमवले, प्लॅन काढला, आणि मग जागा मागितली, म्हणजे गावाला फक्त हो म्हणायचं काम ठेवलंत. मी त्या खुर्चीत असते तर मला पण शंका आली असती, खरं सांगते.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. यात इमारत नाही, वर्गणी नाही. पण घरोघरी जाऊन समजवावं लागलं, आणि रोज सातला मालिका बंद करायला अख्खं गाव तयार व्हावं लागलं. हे पुण्यात बसून नाही होत, तिथल्या माणसांनी मनावर घ्यावं लागतं. तुमची अभ्यासिका उद्या बांधून झाली तरी कुलूप उघडणार कोण, लाइट बिल भरणार कोण, पोरं बसतायत का ते बघणार कोण? तुम्हाला जी पोरं टोमणा मारतायत तीच ना?

2016 ला पाणी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावांनी श्रमदानाने पाणी अडवायची स्पर्धा पहिल्यांदा झाली, वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीनच तालुक्यांत, आणि कोरेगावमधलं वेळू पहिलं आलं. घमेलं हातात घेतलं की कोण पुण्याचा, कोण गावचा, कोण कुठल्या पॅनलचा हे विचारायला कुणाला उसंतच नसते. आपल्या सावडीच्या पद्धतीत हेच होतं, आज तुझ्या रानात सगळे, उद्या माझ्या. आता मजूर आणि मशीन आल्यावर सावड बऱ्याच ठिकाणी मोडली, आणि माणसं एकमेकांच्या बांधावर जायची बंद झाली.

म्हणून आता प्लॅन बाजूला ठेवा. पुढच्या ग्रामसभेला तुमच्यातले पाच-सात जण सुट्टी काढून या, 26 जानेवारीला, 1 मेला, जी जवळ असेल तिला. मागे बसा. पहिल्या सभेत अभ्यासिकेचा विषय काढूच नका, गावाला काय पाहिजे ते ऐका. संध्याकाळी सरपंचांच्या घरी जा आणि सरळ सांगा की आमच्यातला कुणीही पुढची निवडणूक लढवणार नाही. लढवणार असेल तर तेही आत्ताच सांगा, लपवू नका. मग शाळेतली एखादी रिकामी खोली मागा, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारून, आणि गावातल्याच चार पोरा-पोरींच्या हातात किल्ली द्या. रंग तुम्ही सगळ्यांनी मिळून द्या, मजूर लावू नका. जमलेले पैसे तसेच राहू देत, वर्षभराने गाव स्वतः म्हणेल की खोली पुरत नाही, तेव्हा लागतील.

आणि ग्रुपवर सरपंचांना ॲड केलंय का? नसेल तर आज करा, आणि आधी त्यांना फोन करून मगच करा.